गाभ्याची पेटी

डॉक्टर वैरागड्यांनी लेटरहेडवर अक्रोड काढला.
म्हणाले, एवढीच असते ही ग्रंथी, तुमची जरा फुगलीय.
धंतोलीतला तिसरा मजला, खिडकीत कूलर,
ओल्या वाळ्याचा वास, मे संपत आलेला.
पीएसए नऊ पूर्णांक चार.
आकडा मी दोनदा वाचला,
कंत्राटदाराच्या बिलातली बेरीज तपासावी तसा.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या.

जुनी वाट गुदद्वारातून.
सोनोग्राफीची नळी आत, तिच्या कडेनं सुई,
ठरल्या अंतरावर बारा टोचे,
वीस मिनिटांत मोकळे, जेवायला घरी.
पण जागा कसली ते तुम्हाला ठाऊकच आहे,
सुईबरोबर जंतूही आत जातात,
एखाद्याला हुडहुडी भरते, दवाखान्यात राहावं लागतं.
शिवाय पोटाकडचा कोपरा
तिथून नीट हाती लागत नाही.

नवी वाट कातडीतून.
वृषण आणि गुद यांच्या मधली दोन बोटं जागा,
अंबाझरीला पहाटे योगाचे मास्तर जिला मूलाधार म्हणतात
आणि डोळे मिटायला लावतात.
तिथून सरळ वर. ताप क्वचित.
आणि आधी एमआरआय,
म्हणजे आधी नकाशा, मग सुई.
खर्च मात्र वाढतो.

मी हसलो. त्यांना वाटलं, भ्यालो.

एकतीस वर्षं हेच केलं, डॉक्टर,
उमरेडपासून वणीपर्यंत जमिनीला भोकं पाडली.
चौकोनी जाळी आखायची, दर चारशे मीटरला खुंटी,
हिऱ्याच्या दातांचा बिट गरगरत खाली न्यायचा
आणि वर काढायचा गाभा,
मनगटाएवढा जाड, ओला, कोमट.
लाकडी पेटीच्या खणांत तो निजवायचा,
शेजारी खडूनं खोली लिहायची.

एका शिवारात बाराही बोअर कोरे गेले.
शेल, वाळूखडक, पुन्हा शेल.
मी अहवालात लिहिलं, क्षेत्र निरंक.
बिसन उईके रिगवरून उतरला, हात पुसत म्हणाला,
‘साहेब, दोन खुट्यांच्या मधात काहून नाही पायत?’
मधातच होता.
सात मीटर जाडीचा थर,
बाराही भोकांना चुकवून झोपलेला.

रात्री देवलापारला फोन लावला.
बिसन आता नातवाच्या दुकानात बसतो.
विचारलं, जाळी बरी की नकाशा?
म्हणाला, ‘नकाशा पाहून टोचा, पन जाळी सोडू नोका.
नकाशाले बी एखाद वेळी दिसत नाही, बापा.’
मग थांबून, ‘बोअर कुठं लावला, साहेब?’
मी म्हटलं, इथंच, नागपुरात.

शशिकलानं एफडीची पावती काढून ठेवली होती.
काही बोलली नाही.

पाय वर बांधलेले, बाळंतिणीसारखे.
गुडघ्यांच्या मधून दिसली प्लास्टिकची पाटी,
ओळीत छिद्रं, कडेला अक्षरं, आकडे.
ओळखीची जाळी पाहून, खरं सांगतो,
जिवात जीव आला.
खट. खट. बंदुकीच्या चापासारखा आवाज.
तीन टोचे नकाशातल्या डागावर, बारा जाळीवर.
पंधरा गाभे, शेवयांच्या तुकड्यांएवढे,
पंधरा कुप्यांत. नर्सनं नंबर घातले.
अक्षर चांगलं होतं तिचं.

लघवी चार दिवस लाल होती,
आता फिक्या चहाची आहे.
रिपोर्ट सोमवारी.

एकतीस वर्षं पेटी उघडण्याआधी
टेकडीच्या गणपतीला नारळ बोललो,
काळं निघू दे, भरपूर निघू दे.
सात मीटर निघालं तेव्हा आख्ख्या कॅम्पला पेढे वाटले.
आज पायऱ्यांशी उभा आहे, नारळ तोच,
मागणं उलटं.
पांढरं निघू दे. कोरं निघू दे.
पंधराही खणांपुढं एकच ओळ, क्षेत्र निरंक.

आणि तसं लिहून आलंच,
तर मला ठाऊक आहे मी काय करणार.
कागद घडी घालून खिशात ठेवीन,
दारापर्यंत जाईन, परत फिरेन,
आणि विचारीन,
डॉक्टर, दोन खुंट्यांच्या मधात पाहिलंत ना?